सात चकचकीत कड्या, एक काळी

सुमेध, अरे ऐक, तुझं बरोबर होतं! कड्या मूळच्याच आहेत. कपाट बनलं त्या दिवसापासून त्याच भोकांत, त्याच जागी बसलेल्या.

मला हे गेल्या रविवारी सकाळी कळलं आणि माझा हात सवयीने तुझा नंबर लावायला गेला. लावलाही. मग आठवलं. तू गेल्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते, तरी मला ते रोज एकदा नव्याने आठवावं लागतं. पण खरं सांगते, त्या क्षणी रडू नाही आलं. मी इतकी खूश झाले होते की स्वयंपाकघरात एकटीच ओरडले, "मूळच्या आहेत, सुम्या, मूळच्या!" स्टोव्हवरचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

झालं असं की प्रज्ञाने मला एक काम सांगितलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लावायला तुझा एक चांगला फोटो शोध. तुझ्या बायकोला वाटलं असणार, अठरा वर्षांची मैत्रीण आहे, हिच्या फोनमध्ये ढीगभर असतील. आहेतच. पण कसले? एका फोटोत तू टेबलाखाली आडवा, बाहेर फक्त पाय. दुसऱ्यात डोकं कपाटात. तिसऱ्यात तोंडात टॉर्च धरून खुर्चीच्या बुडाकडे बघतोयस. बूड अगदी स्पष्ट, तुझं तोंड अंधारात. यशूच्या पाचव्या वाढदिवसाला सगळे केककडे बघतायत आणि तू, मुलीचा बाप, मागच्या साइडबोर्डच्या पायाकडे. अरे, एक तरी फोटो सरळ उभा राहून काढून घ्यायचास! मी स्क्रोल करत राहिले, शिव्या देत राहिले, आणि मग ते सात फोटो आले. तुझे नव्हेतच ते. तुझ्या चेस्टचे, त्या खणांच्या जुन्या कपाटाचे.

आता सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. तुला माहीत आहे, तरी सांगणार. तू माझी एकही गोष्ट मधे न तोडता कधी ऐकली नाहीस. आता ऐक.

ऑस्ट्रेलियात शिकायला आलो तेव्हा फुट्सक्रेच्या त्या घरात आपण सहाजण राहायचो. तू येरवड्याचा, मी सांगलीची, बाकीचे कुठले कुठले. तू युनिव्हर्सिटी सांभाळून सामान हलवणाऱ्यांच्या ट्रकवर जायचास. एक दिवस आलास तो खांदा चोळत, पण डोळे असे चमकत होते की मला वाटलं, व्हिसाच लागला. एका म्हाताऱ्या बाईचं जुनं कपाट जिन्यावरून उतरवताना तिने तुला थांबवलं होतं. खण बाहेर काढून उलटा धरायला लावला होता आणि कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले लाकडाचे दात दाखवले होते. "एकही दात दुसऱ्यासारखा नाही, शुभा! हाताने कापलेत! दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून कापलेत. त्याचं नाव कुठेच नाही, पण त्याची करवत कुठे घसरली ते दिसतंय!" मी म्हटलं, "डाळ आहे, भात संपलाय. लावतोस का?" तू भात लावलास आणि तो लागेपर्यंत दातांबद्दल बोलत होतास. मग बटाट्यावर सुरी घेऊन मला दात कापून दाखवलेस. त्याच बटाट्यांची भाजी केली आपण, वाकड्या दातांसकट.

तेव्हापासून तू कामातून गेलास. लोक वीकेंडला बीचवर जायचे, तू बॅलरॅटकडच्या गावांतून जुन्या इंग्लिश सामानाची दुकानं हुडकत फिरायचास. मला शेजारी बसवून न्यायचास, कारण मी डबा करायचे. कौन्सिलच्या हार्ड रबिशच्या आठवड्यात तर तुला उधाण यायचं. लोकांनी फुटपाथवर टाकलेल्या गाद्या, फुटके टीव्ही, आणि त्यात एखादी पाय मोडलेली खुर्ची. ताशी दहाच्या वेगाने गाडी चालवायचास. मागचा माणूस हॉर्न मारायचा. तू खिडकीतून ओरडायचास, "सॉरी मेट, व्हिक्टोरियन!" त्या बिचाऱ्याला काय कळणार, तू राणीच्या काळातल्या खुर्चीबद्दल बोलतोयस ते.

मला सुरुवातीला किळस यायची. स्पष्टच सांगते, आमच्याकडे मेलेल्या माणसाची गादी काय, चमचासुद्धा घरात ठेवत नाहीत. आणि तू नेमका मेलेल्यांच्या घरच्या सेलला जायचास. "कुणाकुणाचे हात लागले असतील, सुम्या." तू म्हणायचास, "म्हणूनच तर." एकदा मी म्हटलं, रात्री ती म्हातारी येऊन तिची खुर्ची मागेल. तर म्हणे, "येऊ दे. तिला विचारायचंय, सीट कधी बदलली."

आणि तो पिकनिकमधला वाद! वेरिबीच्या नदीकाठी, आपले सगळे मराठी लोक, हातात मिसळीच्या वाट्या. कुणीतरी तुला टोमणा मारला, गोऱ्यांनी आपल्याला लुटलं आणि हा त्यांची कपाटं पुसतोय. मला वाटलं, आता हा हसून सोडून देईल. तू वाटी खाली ठेवलीस. "लॉर्डसाहेबाने कपाट बनवलं नाही. त्याने खणात मोजे ठेवले. बनवलं सुताराने, माझं काम त्या सुताराशी आहे. आणि ही महॉगनी इंग्लंडात उगवत नाही. गुलामांनी तोडलीय ती, दूरच्या बेटांवर. तेही ह्याच कपाटात आहे, ज्याला बघायचं त्याला दिसतं. वरून पॉलिश बघून निघून जाणारे वेगळे." मग वाटी उचलून म्हणालास, "फरसाण द्या." मी त्या दिवशी तुला काही बोलले नाही, पण मला तुझा अभिमान वाटला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग ती चेस्ट आली. वेरिबीतलं तुमचं घर नवं कोरं, पांढऱ्या भिंती, करड्या टाइल्स, आणि हॉलमध्ये मधोमध हे बुटकं तांबूस कपाट. वर दोन छोटे खण, खाली तीन लांब. छोट्या खणांना एकेक कडी, लांबांना दोन दोन. आठ पितळी कड्या, खालच्या बाजूला हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या, आणि प्रत्येकीमागे नक्षीची एक चकती. रंगाने पार काळ्या. प्रज्ञा म्हणाली, "फ्रिज ह्याच्यापेक्षा कामाचा असतो." तू ऐकलंच नाहीस. तू कडीवर बोट फिरवत होतास. "हे बघ शुभा, ह्याला पटिना म्हणतात." मी म्हटलं, "मळ म्हण ना." तू म्हणालास, "हो, मळच. दोनशे वर्षांच्या हातांचा. तो विकत मिळत नाही आणि पुन्हा करता येत नाही."

पण त्यात एक काटा होता. तुझा तो बॅलरॅटकडचा म्हातारा डीलर, ज्याच्यावर तुझा अपार विश्वास, तो एकदा घरी आला, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "लेटर हँडल्स, मेट." कड्या नंतरच्या. म्हणजे मूळच्या हरवल्या आणि कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी ह्या दुसऱ्या लावल्या. तू म्हणालास, मूळच्याच. तो म्हणाला, लेटर. तुझा चेहरा मी बघितला. परीक्षेत नापास झाल्यासारखा. कारण प्रश्न कड्यांचा नव्हताच. तू सिग्नलच्या तारा जोडणारा माणूस, कुठल्या कॉलेजात हे शिकलेला नाहीस. तुला फक्त एवढंच हवं होतं, की तुझ्या डोळ्याला बरोबर दिसतं.

मी म्हटलं, मग कडी काढून बघ ना, सोपं आहे. कड्या बदललेल्या असतील तर आधीच्या कड्यांची बुजवलेली भोकं सापडतील. एवढं तर तूच मला शिकवलं होतंस. खणांच्या आतून बघता येत नव्हतं, कारण कुणीतरी कधीकाळी आत फुलाफुलांचा कागद चिकटवला होता. बाहेरून बघायचं तर कडी आणि चकती काढायला हवी. तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी यशूचा कान काढून बघायला सांगतेय. "जो नट दोनशे वर्षांत कुणी फिरवला नाही तो मी फिरवायचा? तुटला म्हणजे?" विषय तिथेच राहिला. तू म्हणत राहिलास मूळच्या, म्हातारा म्हणत राहिला नंतरच्या.

आणि मग मी माती खाल्ली.

तुझी आई पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला येणार होती. तू शनिवारी कामावर, आई रविवारी सकाळी उतरणार, आणि मी नि प्रज्ञा घर आवरतोय. सासू यायची म्हणून प्रज्ञा खिडक्या पुसत होती आणि मी हॉलमध्ये. तुला माहीत आहे, माझ्या हातात फडकं आलं की मला थांबता येत नाही. मी त्या काळ्याकुट्ट कड्या बघितल्या आणि मला वाटलं, आईंना काय वाटेल? पोराच्या घरात पितळ इतकं कळकट? आमच्याकडे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तांब्या-पितळेला चिंच लागली नाही असं कधी झालंच नाही. सुम्या, त्यात विचार असा नव्हताच. हाताला जे वळण होतं ते हाताने केलं. फ्रिजमध्ये चिंच होती. कोळ काढला, मीठ घातलं, तुझ्याच गॅरेजमधून पाना आणला.

शहाणपण बघ माझं. कुठली कडी कुठली ते चुकू नये म्हणून प्रत्येक कडी काढल्यावर मी फोटो काढत होते. उघडा खण, शेजारी हातात कडी. एक काढायची, घासायची, लावायची, मग दुसरी. सात झाल्या. सोन्यासारख्या चमकत होत्या! मी प्रज्ञाला हाक मारून दाखवल्या, तीही म्हणाली, "छान दिसतंय गं." आठवीचा नट जाम होता. खालच्या खणाची डावी. मी पान्याला जोर लावत होते आणि तू दारात उभा होतास, पाठीला बॅग, दुपारची शिफ्ट रद्द झाली म्हणून लवकर आलेला.

तू ओरडला नाहीस. तेच वाईट झालं. हळू आवाजात म्हणालास, "शुभा, पाना खाली ठेव." मग जमिनीवर बसलास आणि एकेका कडीला बोट लावून बघितलंस. "दोनशे वर्षं एका दुपारी धुतलीस." मी सॉरी म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण मला राग आला, कारण मी सकाळपासून तुझ्या आईसाठी राबत होते. मी म्हटलं, "नाटकं करू नकोस. कड्या नंतरच्याच आहेत, तुझा तो म्हातारा सांगून गेलाय. नंतरच्या कड्या घासल्या तर काय बिघडलं?" तू म्हणालास, "घरी जा, शुभा." मी गेले. चिंचेचा वास हातांना होता, गाडीच्या स्टेअरिंगला लागला.

तीन महिने आपण बोललो नाही. माझ्या टार्नीटपासून तुझं वेरिबी दहा मिनिटं. प्रज्ञा मला चोरून फोन करून बातम्या द्यायची. तिनेच सांगितलं, आई आल्या, चहा प्यायच्या आधी चेस्टपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सात घासल्या, ही एकच का ठेवली रे? चिंच आहे का?" आणि तू धावत जाऊन त्या आठव्या कडीला एक चिठ्ठी बांधलीस, "आई, हात लावू नये." आई महिनाभर होत्या, रोज त्या चिठ्ठीला नावं ठेवायच्या. मी फोनवर पोट धरून हसले, पण तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. दोघंही एकापेक्षा एक हट्टी.

मग एका रविवारी दुपारी तू माझ्या दारात. हातात हार्ड रबिशमधली खुर्ची, पाय जोडलेली, सीट नवी विणलेली. "ही तुझ्यासाठी. कोण मेलंय ते माहीत नाही, म्हणजे चालेल तुला." मी चहा टाकला. तू त्याच खुर्चीवर बसलास आणि चहात बिस्कीट बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणालास, "जाऊ दे गं. नंतरच्याच असतील त्या कड्या. म्हातारा बरोबर असणार. काही बिघडलं नाही."

आणि मी काय केलं? मी टाळी वाजवली! "म्हटलं नव्हतं मी?" आणि पुढची दोन वर्षं, सुम्या, दोन वर्षं मी ते मिरवलं. प्रत्येक पिकनिकला, प्रत्येक गेट-टुगेदरला. ह्याच्या कड्यांची गोष्ट सांगते ऐका. तीन महिने माझ्याशी बोलला नाही, आणि कड्या निघाल्या ड्युप्लिकेट! लोक हसायचे. तूही हसायचास. "चूक झाली बाबा," म्हणून कान धरायचास.

म्हणून रविवारी ते सात फोटो समोर आले तेव्हा मी आधी सवयीने हसले. मग एक मोठा करून बघितला. का बघितला? कारण तू अठरा वर्षं माझ्या डोक्याशी कटकट केलीस, वरवर बघू नकोस, जवळ जा. मी जवळ गेले. खणाचं लाकूड उजेडाने फिकं पडलेलं. जिथे चकती होती तिथे गडद तांबडा ठसा. तो ठसा अगदी काठोकाठ त्याच चकतीच्या आकाराचा, नक्षीच्या प्रत्येक वळणासकट! त्याखाली दुसऱ्या कुठल्या आकाराची रेघसुद्धा नाही. आणि भोकं दोन. फक्त दोन. बुजवलेलं एक नाही. दुसरा फोटो, तेच. तिसरा, तेच. सातही! ह्या लाकडावर दुसरी कडी कधी लागलीच नव्हती. पुरावा दोन वर्षं माझ्या पर्समध्ये, माझ्याच फोनमध्ये पडून होता आणि मी तुझी टिंगल करत फिरत होते.

दूध पुसता पुसता दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. कड्या मूळच्या, म्हणजे मी जे धुऊन टाकलं तेही मूळचंच. तू बरोबर, म्हणजे मी चूक, आणि साधीसुधी चूक नाही. क्षणभर वाटलं, फोटो डिलीट करावेत. कुणाला कळणार आहे? हेही तुला सांगते, कारण आता लपवून काय करू. मग आठवलं की शनिवारी म्हातारा येणार आहे.

प्रज्ञा लहान घरात जातेय, यशूच्या शाळेजवळ. तिने त्या डीलरला बोलावलं होतं, गॅरेजमधलं सगळं न्यायला, आणि चेस्टही. "मला त्यातलं काही कळत नाही, शुभा. त्याच्याकडे निदान नीट राहील." तो त्या चेस्टवर चिठ्ठी लावणार, लेटर हँडल्स, आणि तुझा डोळा कायमचा चुकीचा ठरणार. ते मी होऊ देणार नव्हते. मी शनिवारची सुट्टी टाकली आणि सकाळी पाना घेऊन तुझ्या घरी. हो, पुन्हा पाना! प्रज्ञाने दार उघडलं, माझा हात बघितला आणि म्हणाली, "आता काय घासतेस?"

म्हातारा आलेलाच होता, ट्रकपाशी. मी त्याला हाताला धरून आत आणलं. यशू सोफ्यावर हेडफोन लावून बसली होती, बारा वर्षांची झाली तरी बसते तुझ्यासारखीच, एक पाय खाली घेऊन. मी त्याला फोन दाखवला. त्याने चष्मा लावला. मी एका कडीचे नट फिरवले, लोण्यासारखे फिरले, कडी काढली. तो गुडघ्यावर बसला. टॉर्च लावला. ठशाच्या कडेने बोट फिरवलं. मग म्हणाला, "वेल, आय ओ युअर मेट अ बीअर." आणि डोक्यावरची टोपी काढली. सुम्या, तू असायला हवा होतास! यशूने हेडफोन काढले. "सो बाबा वॉज राइट?" मी म्हटलं, "पहिल्यापासून!"

मी इतक्या उड्या मारत होते की मला वाटलं, आता सगळंच बघू. तू करायचास तसं, खण पूर्ण बाहेर काढून उलटा करू. प्रत्येक वस्तूच्या खाली तू मराठीत चिठ्ठी चिकटवायचास ना, काय मूळचं, काय बदललेलं. मराठीत का, तर डीलरांना वाचता येऊ नये. मी आणि प्रज्ञाने खालचा लांब खण काढून सतरंजीवर पालथा घातला. चिठ्ठी होती. तुझं अक्षर बघितलं आणि यशूला म्हटलं, "तू वाच." मराठी शाळेत दर रविवारी कुरकुरत जाणारी तुझी मुलगी, बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली.

"महॉगनी. पाय मूळचे. मागची एक फळी बदललेली. कड्या मूळच्या." मग थांबली. "शुभाने घा... घासलेल्या सात काढून बघितल्या. खात्री झाली. आठवी काढली नाही." पुन्हा थांबली. शेवटची ओळ तिने मनात वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, इट सेज आय शुडन्ट टेल यू."

शुभाला सांगायचं नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या तीन महिन्यांत कधीतरी तू त्या सातही कड्यांचे नट फिरवलेस, ठसे बघितलेस, तुझा डोळा बरोबर निघाला हे तुला कळलं. ज्याच्यासाठी तू इतकी वर्षं भांडत होतास ते तुझ्या हातात आलं, आणि तू ते खणाखाली चिकटवून टाकलंस आणि खुर्ची घेऊन माझ्याकडे आलास. "नंतरच्याच असतील." अरे माणसा! दोन वर्षं मी तुला लोकांसमोर कान धरायला लावले आणि तू धरलेस? एकदा तरी म्हणायचंस, शुभे, गप बस!

मी तुझ्या हॉलमध्ये, करड्या टाइल्सवर बसून हसले आणि मग रडले, की आधी रडले, आठवत नाही. म्हाताऱ्याला वाटलं चिठ्ठीत काही वाईट लिहिलंय. त्याने हळूच विचारलं, "एनिथिंग अबाउट द हँडल्स?" प्रज्ञाने त्याला सांगितलं, "इट सेज ओरिजिनल." मग मला पाणी दिलं आणि त्याला म्हणाली, बाकीचं सगळं घेऊन जा, हे राहणार. तो म्हणाला, "नो वरीज." प्रज्ञा म्हणते, लहान घरात फ्रिज छोटा घेईन.

सॉरी, सुमेध. हे मी त्या दुपारी म्हणायला हवं होतं, पाना हातात असताना. तू मला जिंकू दिलंस आणि मला कळलंही नाही की मी जिंकले नव्हते. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाला सगळी पिकनिकवाली मंडळी येणार आहेत. भंतेजींचं झालं की मी उभी राहून ती गोष्ट पुन्हा सांगणार आहे, ह्या वेळी नीट, शेवटापर्यंत. फोटोही ठरला. तोंडात टॉर्च धरलेला. दुसरा नाहीच आहे, तर काय करणार.

निघताना यशूने विचारलं, ह्या सात पुन्हा तशा काळ्या कशा होतील? मी म्हटलं, तुझा बाबा म्हणायचा हात लागून लागून होतात. शंभरेक वर्षं लागतात. "ओके," म्हणाली आणि जाऊन वरचा खण उघडला, मिटला. मग दुसरा. प्रज्ञा पोळ्या करत होती, ती तशीच पिठाच्या हाताने आली आणि तिसरा उघडला. मी खालचे. पाच-दहा मिनिटं आम्ही तिघी नुसते खण उघडत-मिटत होतो, कारण नसताना, आणि यशू बघत होती की कुणी कुठली कडी चुकवत तर नाही ना.

मी कुणाच्याही घरी गेले की आधी हात धुते, माहीत आहे तुला. आता तुझ्याकडे आले की आधी सात कड्या, मग हात. आठवीला मी हात लावत नाही.